कानांनी पाहायची मालिका: कार्टून एड ग्रिमलीचे १३ भाग

एड ग्रिमली म्हणजे आधी शरीर आणि मग बाकी सगळं. कपाळावर शिंगासारखी ताठ उभी केसांची बट, छातीपर्यंत ओढलेली पँट, तिच्यात नीट खोचलेला चौकड्यांचा शर्ट, कानांकडे उचललेले खांदे आणि ओठ मागे खेचल्यामुळे उघडे पडलेले दात. मार्टिन शॉर्ट या कॅनेडियन नटाने हा माणूस टोरंटोच्या ‘सेकंड सिटी’ या विनोदी नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर घडवला. तिथून तो ‘एससीटीव्ही’ या छोट्या विनोदी प्रवेशांच्या, म्हणजे स्केचच्या, कॅनेडियन कार्यक्रमात आला आणि १९८४-८५च्या हंगामात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन स्केच कार्यक्रमातून अमेरिकाभर पोचला. त्यानंतर तीन वर्षांनी, १० सप्टेंबर १९८८ रोजी, एनबीसी वाहिनीच्या शनिवार सकाळच्या कार्टूनांमध्ये तो रंगरेषांत अवतरला. मालिकेचं नाव लांबलचक: ‘द कम्प्लीटली मेंटल मिसॲडव्हेंचर्स ऑफ एड ग्रिमली’. काढली हॅना-बार्बेरा या अमेरिकन कार्टून कंपनीने. ३ डिसेंबरला तेरावा भाग दाखवला गेला आणि तिथेच मालिका संपली.

मी हे भाग वॉर्नर आर्काइव्हच्या डीव्हीडीवर पाहिले. माझं काम डबिंगचं आहे. पडद्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या ओठांवर आपला आवाज बसवायचा, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा, तो थांबेल तिथे थांबायचं. त्यामुळे कार्टून लागलं की माझे कान डोळ्यांच्या आधी कामाला लागतात. या मालिकेबद्दल मला जे सांगायचंय ते तिथूनच आलंय. हॅना-बार्बेराने एडचं शरीर चित्रात आणलं आणि नेमकं तेच शरीर हरवलं. एड वाचला तो आवाजामुळे. इतका वाचला, की १३ भागांची ही अल्पायुषी मालिका मी आवाजाच्या कामात नव्याने आलेल्या प्रत्येकाला ऐकायला सांगते.

आधी मूळ स्केचमध्ये काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर काय हरवलं ते कळणार नाही. एड एकटा राहतो. खोलीत एकटाच बोलतो. ट्रायँगल हे त्याचं लाडकं वाद्य. ते हातात घेऊन तो असा काही नाचतो की गुडघे एकीकडे, कोपर दुसरीकडे, आणि चेहऱ्यावर परमानंद. ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’ या टीव्ही खेळाचा तो भक्त आहे आणि त्याचा तेव्हाचा सूत्रधार पॅट सेजॅक हा त्याला जगातला सगळ्यात सज्जन माणूस वाटतो. बस, एवढंच. यात कथा अशी काही नाही. एका माणसाच्या मनात एक आशा उगवते, त्या आशेला लगेच भीती चिकटते, भीतीने तो जागच्या जागी तडफडतो, मग पुन्हा आशा वर येते. हे सगळं दोन-चार मिनिटांत, एका जिवंत माणसाच्या अंगावर घडताना दिसतं. प्रेक्षक हसतात ते या माणसाची हाडं असं कसं करू शकतात म्हणून. खांदे तिथवर जातात कसे? चेहरा इतका ताणला जातो तरी कसा? मार्टिन शॉर्ट आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस आहे हे ठाऊक असतं, म्हणूनच ते अंग पाहताना जीव खुळावतो.

आता हेच कागदावर आणा. कागदावर काहीही वाकतं. मांजर इस्त्री केल्यासारखं सपाट होतं, उंदीर तोफेतून उडतो, कोल्हा कड्यावरून पडून पुन्हा चालू लागतो. जिथे प्रत्येकाचं अंग रबराचं असतं तिथे एडचं वाकणं ही कौतुकाची गोष्टच उरत नाही. कार्टूनमधला एड नाचतो, उड्या मारतो, गरागरा फिरतो. ते पाहायला बरंही वाटतं. पण तो नाचतोय याचं नवल वाटत नाही. चित्रकारांचा हात कच्चा होता असं मी म्हणत नाही. बट, पँट, खांदे, सगळं ओळखू येतं आणि रेषा प्रेमाने काढलेली आहे. अडचण माध्यमातच आहे.

त्यात हॅना-बार्बेराची काम करण्याची रीत. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९५७ साली कंपनी काढली ती टीव्हीसाठी. टीव्हीच्या तुटपुंज्या पैशांत आणि वेळेत चित्रपटाएवढी चित्रं काढणं अशक्य होतं, म्हणून त्यांनी कमीत कमी हलणारं ॲनिमेशन रूढ केलं. धड स्थिर ठेवायचं आणि फक्त डोकं, तोंड, फार तर एखादा हात हलवायचा. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का, याचं उत्तर यातच आहे. गळ्याशी अशी रेघ असली की धड तसंच ठेवून डोक्याची चित्रं वेगळी काढता येतात, जोड दिसत नाही. अस्वल, कोल्हा, मांजर यांना ही रीत फार मानवली, कारण त्यांचा विनोद संवादात होता. एडचा विनोद मात्र धडात होता. बोलताना त्याचं सगळं अंग बोलतं. चिंता आधी गुडघ्यात येते, मग तोंडात. ज्या कारखान्याने धड थांबवण्यावर आपला व्यवसाय उभा केला, त्यांच्याच हाती हा माणूस पडला. संवादाच्या प्रसंगांत हे फार जाणवतं. एड उभा राहून बोलतोय, तोंड हलतंय, भुवया हलतायत, आणि मला आतून वाटत राहतं, अरे, इथे याचे खांदे वर गेले असणार! आवाजात गेलेले ऐकू येतात. चित्रात ते खालीच आहेत.

हो, ऐकू येतात. इथूनच मालिकेची खरी बाजू सुरू होते.

माईकसमोर उभं राहून काम करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अंग न हलवता बोललं तर आवाज मेलेला येतो. धावण्याचा संवाद असेल तर जागच्या जागी थोडं तरी धावावं लागतं, ओझं उचलायचं असेल तर पोट आवळावं लागतं. मार्टिन शॉर्टचा एड ऐका. बूथमध्ये तो स्वस्थ उभा राहून हे बोलला असेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. शब्दांच्या मध्ये कपड्यांची नाही, पण स्नायूंची सळसळ आहे. दात उघडे ठेवून बोललं की ‘स’ आणि ‘श’ला जी बारीक शिट्टी येते, ती आहे. मान पुढे काढून बोललं की स्वर नाकाकडे सरकतो, तो सरकलाय. वाक्याच्या शेवटी श्वास बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जातो, दचकल्यासारखा. चित्रात गेलेलं सगळं शरीर त्याने घशात आणून ठेवलंय.

आणि लय! एडचं बोलणं तापलेल्या दुधासारखं भराभर चढतं, उतू जाणार असं वाटतं आणि नेमक्या त्या क्षणी फुंकर बसून खाली येतं. ही फुंकर म्हणजे त्याची ठरलेली वाक्यं. ‘आय मस्ट से’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. शॉर्टने २०१४ साली आलेल्या आपल्या आत्मकथनालाही तेच नाव दिलं. अशी पालुपदं वापरणारी पात्रं कार्टूनमध्ये पैशाला पासरी मिळतात आणि बहुतेकांची पालुपदं चार भागांत अंगावर येऊ लागतात. इथे तसं होत नाही, कारण शॉर्ट ते वाक्य एकाच सुरात दोनदा म्हणत नाही. कधी ते समाधानाने टेकलेलं असतं, कधी घाईत गिळलेलं, कधी भीतीने पातळ झालेलं. भावना कुठली आहे ते त्या वाक्यावरून कळतं, त्याआधीच्या बडबडीवरून नाही. नवीन मुलांना मी हे मुद्दाम ऐकायला लावते. शब्द तेच ठेवून मन बदललेलं कसं दाखवायचं, याचा इतका सोपा नमुना दुसरा सापडणं कठीण.

स्वगत ही त्याहून अवघड गोष्ट. दोन पात्रं बोलत असली की समोरच्याच्या वाक्याला धरून आपलं वाक्य येतं. एकट्याने बोलायचं तर धरायला काही नसतं, आणि मग बहुतेक जण वाचल्यासारखं बोलतात. एडच्या बोलण्यात मधूनमधून अगदी बारीक जागा सोडलेल्या आहेत. तेवढ्यात त्याच्या डोक्यातल्या दुसऱ्या एडने उत्तर दिलेलं असतं. ते उत्तर आपल्याला ऐकू येत नाही, पण पुढच्या वाक्याच्या सुरावरून कळतं की उत्तर आलं आणि ते याला पटलेलं नाही. ॲनिमेशनमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि त्यावर चित्रं काढतात, डबिंगच्या उलट. त्यामुळे या जागा सोडण्याचं स्वातंत्र्य शॉर्टला मिळालं आणि त्याने ते पुरेपूर वापरलं. चित्रकारांनी त्या जागा नुसत्या पापण्यांच्या उघडझापीने भरल्या आहेत, याची हळहळ वाटते.

भागांची घडण साधी आहे. अगदी रोजच्या, क्षुल्लक कामाने सुरुवात होते आणि ते काम हाताबाहेर जात जात भलत्याच ठिकाणी पोचतं. नावंच पाहा ना: ‘ड्रायव्हर एड’, ‘गुड नेबर एड’, ‘मोबी इज लॉस्ट’. मोबी म्हणजे एडचा गोल्डफिश. शेल्डन नावाचा एक उंदीरही त्याच्याकडे आहे आणि त्याचा आवाज फ्रँक वेल्करचा, म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधल्या मेगाट्रॉनचा आणि स्कूबी-डूमधल्या फ्रेडचा. त्या काळात टीव्हीवरच्या गाजलेल्या माणसांना कार्टूनमध्ये आणलं की त्यांना कालयंत्रात बसवायची किंवा सैन्यात धाडायची पद्धत होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅना-बार्बेराने स्वतःच ते केलं होतं. एडला मात्र त्यांनी त्याच्या घरात, त्याच्या गल्लीत ठेवलं. संकटं कितीही अचाट झाली तरी त्यांचं मूळ एका भाड्याच्या घरातल्या माणसाच्या दिवसात राहतं. लेखकांना हे पात्र कळलं होतं याची ही खूण.

आता बाकीचे आवाज. ही यादी वाचली तरी आश्चर्य वाटतं. घरमालक लिओ फ्रीबस म्हणजे जोनाथन विंटर्स. त्याची बायको डीड्री म्हणजे अँड्रिया मार्टिन. शेजारीण मिस मलोन म्हणजे कॅथरिन ओहारा. मिस मलोनचा धाकटा भाऊ वेंडेल म्हणजे डॅनी कुक्सी, जो तेव्हा स्वतःच मुलगा होता. आणि काउंट फ्लॉइड म्हणजे जो फ्लॅहर्टी. शॉर्ट, मार्टिन, ओहारा, फ्लॅहर्टी, चौघेही ‘एससीटीव्ही’चे. वर्षानुवर्षं एकमेकांसमोर उभं राहून, आयत्या वेळी सुचलेलं बोलत काम केलेली ही माणसं. कार्टूनमध्ये कलाकारांना नेहमी एकत्र रेकॉर्ड करतातच असं नाही, पण ओळखीचा जो पोत असतो तो आवाजात उतरतोच. एड आणि डीड्री बोलतात तेव्हा एकाचं वाक्य कुठे संपणार हे दुसऱ्याला आधीच माहीत असल्यासारखं वाटतं.

विंटर्सबद्दल जरा थांबून बोलायलाच हवं. तो शॉर्टच्या आधीच्या पिढीतला, एकट्याने उभं राहून डझनभर माणसं उभी करणारा. त्याच शनिवारी त्याच वाहिनीवर ‘स्मर्फ्स’मध्ये आजोबा स्मर्फचा आवाजही त्याचाच होता. लिओ हे पात्र कागदावर अगदी सरधोपट आहे: कुरकुरणारा, भाडेकरूवर वैतागलेला घरमालक. विंटर्स त्याला वय देतो. त्याच्या कुरकुरीत दमलेपण आहे. तो एडवर ओरडतो तेव्हा पहिल्या शब्दाला जोर असतो, तिसऱ्या-चौथ्या शब्दापर्यंत हवा संपलेली असते आणि उरलेलं वाक्य तो स्वतःशीच पुटपुटून संपवतो. हे पुटपुटणं संहितेत लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही. एडचा आवाज वर वर जाणारा आणि लिओचा खाली खाली बसणारा, त्यामुळे दोघांचे प्रसंग कानाला भरलेले वाटतात. मालिकेत मला सगळ्यात आवडलेले प्रसंग हेच. एका आवाजाला दुसरा आवाज उलट दिशेने कसा तोलून धरतो, हे इथे शिकण्यासारखं आहे.

ओहाराच्या वाट्याला मात्र कमी आलंय. मिस मलोन बहुतेक वेळा गोड आणि समंजस शेजारीण एवढीच राहते. एका साध्या शब्दावरून घसरत चार भलत्याच सुरांत जाऊन येणारी ही नटी, आणि तिला इथे सरळ रेषेत चालायला लावलंय. त्याच १९८८ साली मोठ्या पडद्यावर, ‘बीटलज्यूस’मध्ये, ती काय करत होती ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे अधिकच खटकेल.

गुस्ताव बंधू, रॉजर आणि एमिल, हे दोन शास्त्रज्ञ मधेच येऊन घडलेल्या गोष्टीचं विज्ञान सांगतात. रॉजरचा आवाज पुन्हा विंटर्सचाच. हे तुकडे मला ओझं वाटले.

काउंट फ्लॉइडचे तुकडे मात्र वेगळे. कार्टूनच्या मधोमध चक्क खराखुरा माणूस कॅमेऱ्यासमोर येतो. ‘एससीटीव्ही’तला हा भयकथांचा सूत्रधार: अंगावर ड्रॅक्युलाचा झगा आणि तोंडाने लांडग्याची आरोळी. भीती घालायला उभा, पण सांगायला भीतीदायक असं हाताशी काही नाही, आणि तरीही सगळं किती भयंकर आहे हे तो जीव तोडून पटवत राहतो. जो फ्लॅहर्टी २०२४ साली गेला. हे तुकडे पाहताना त्याची आठवण फार आली. प्रेक्षकांना पटत नाहीये हे कळल्यावर त्याच्या गालाची एक शीर हलते, डोळे क्षणभर कॅमेऱ्यावरून सुटतात, मग पुन्हा सगळं बळ एकवटून तो आरोळी ठोकतो. एवढंसंच. पण ते जिवंत अंगावर घडतं, म्हणून पोटातून हसू येतं. आणि मग पुन्हा कार्टून सुरू झालं की तफावत लख्ख दिसते. मालिकेने स्वतःच, आपल्याच मध्यावर, मूळ एडमध्ये काय होतं त्याचा नमुना ठेवून दिलाय. मला वाटतं मार्टिन शॉर्टलाही प्रत्येक भागात एखाद-दोन मिनिटं असंच, प्रत्यक्ष उभं करायला हवं होतं. त्याने चित्रातला एड उघडा पडला असता, हे खरं. तरीही.

मालिका इतक्या लवकर का आटोपली? माझं उत्तर असं. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ लागतं रात्री साडेअकराला. आठ-नऊ वर्षांची पोरं तेव्हा झोपलेली. शिवाय शॉर्ट त्या कार्यक्रमात एकच हंगाम होता आणि मधे तीन वर्षं गेली. वाहिनी तीच, वार तोच, पण शनिवारच्या रात्रीचे आणि शनिवारच्या सकाळचे प्रेक्षक निराळे. त्याच सुमारास एनबीसीवर सकाळी ‘आल्फ’चंही कार्टून होतं. त्या केसाळ परग्रहवासीयाला मुलं सोमवारी संध्याकाळी आठला घरच्यांबरोबर बघत होती, त्यामुळे शनिवारी तो ओळखीचाच होता. एड मुलांना अनोळखी होता. एक मोठा माणूस, तोही मुलांसारखा वागणारा, पण मूल नसलेला. पुढच्या दोन वर्षांत काय आलं ते पाहा. ‘एससीटीव्ही’च्याच जॉन कँडीला त्याच वाहिनीने १९८९ साली कार्टूनमध्ये आणलं ते मुलांच्या शिबिराचा प्रमुख म्हणून, आणि ती मालिका जास्त टिकली. १९९० साली फॉक्स वाहिनीवर हाउई मँडेलने आपल्या विनोदी कार्यक्रमांतला लहानगा बॉबी कार्टूनमध्ये आणला. तो १९९८पर्यंत चालला. बॉबी स्वतःच चार वर्षांचा होता. एडभोवती मुलं म्हणजे एक वेंडेल. मुलांचा गराडा घातला की यश हमखास, असंही नाही; ‘एससीटीव्ही’च्याच रिक मोरॅनिसला भुताखेतांच्या पोरांचा मास्तर केलेली हॅना-बार्बेराची मालिका १९९० साली आली आणि तीही १३ भागांतच संपली. पण एडला सकाळच्या त्या रांगेत स्वतःची जागा मिळायला वेळ लागणार होता आणि तो वेळ मिळाला नाही. पुढे कार्टून नेटवर्कवर मालिका पुन्हा दाखवली गेली आणि पुष्कळांची तिच्याशी खरी गाठ तिथेच पडली.

एका गोष्टीबद्दल मी या मालिकेची मनापासून ऋणी आहे. एडसारखं पात्र कार्टूनमध्ये आलं की दोन वाटा तयारच असतात. एक, त्याला सगळ्यांच्या टिंगलीचा विषय करायचा. दुसरी, शेवटी त्याला सुधारायचं: केस बसवायचे, पँट खाली आणायची, ‘आता हा चारचौघांसारखा झाला’ म्हणून टाळ्या. इथे दोन्ही टाळलंय. १३ भागांत एड तसाच राहतो. लिओ त्याच्यावर वैतागतो ते त्याच्या घोळांवर. तो दिसतो कसा यावर मालिकेचा विनोद उभा नाही. डीड्रीला तो आवडतो. वेंडेल त्याला मित्र मानतो. एकटा राहणारा, स्वतःशी बोलणारा, जरा विचित्र दिसणारा माणूस आनंदी असू शकतो आणि त्याच्या आनंदावर कुणाला दया दाखवायची गरज नाही, हे ती मालिका शनिवारी सकाळी मुलांना दाखवत होती. शॉर्टच्या आवाजात एडबद्दल कुठेही तुच्छता नाही. आपल्या पात्राला हसणारा नट मला आवाजावरून लगेच कळतो; शब्दाच्या कडेला एक बारीकशी डोळामिचकावणी येते. इथे ती शोधूनही सापडली नाही.

शॉर्टने पुढे आवाजाचं पुष्कळ काम केलं. २०१० पासून टोपीवाल्या मांजरावरच्या, मुलांसाठीच्या कार्टून मालिकेत तो मांजर झाला. तो ऐकताना मला एडमधली चढण आणि ती फुंकर पुन्हा सापडली, जास्त मुरलेली. १९८८च्या या भागांत तो अजून रंगमंचावरचं सगळं अंग माईकमध्ये कोंबतो आहे. त्या धडपडीमुळेच हे भाग मला अधिक प्रिय आहेत.

कुणी पाहावी? स्केच कॉमेडीची आवड असलेल्यांनी, आवाजाचं काम करणाऱ्यांनी आणि करू पाहणाऱ्यांनी. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही दाखवायला हरकत नाही, फक्त एडचं इंग्रजी भरधाव आहे, तेव्हा शेजारी बसून थोडं सांगत राहावं लागेल. चित्रांच्या कारागिरीसाठी म्हणून कुणी घेणार असेल तर मी आग्रह करणार नाही. त्याच दिवशी, १० सप्टेंबर १९८८ला, हॅना-बार्बेराचीच लहानग्या स्कूबी-डूची मालिका एबीसीवर सुरू झाली आणि हालचालीचा खट्याळपणा तिच्यात कितीतरी जास्त आहे.

पाहण्याचा क्रम मात्र माझा ऐका. आधी मार्टिन शॉर्टच्या अंगावरचा एड पाहा, ‘एससीटीव्ही’तला किंवा ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मधला, एखादं स्केच पुरे. ते खांदे एकदा डोळ्यांत बसले की कार्टूनमध्ये रेषेने जिथे हात आखडलाय तिथे तुमची नजर आपोआप भर घालते. मग मालिकेचा एक भाग नेहमीसारखा बघा आणि तोच भाग हेडफोन लावून, पडद्याकडे पाठ करून ऐका. लिओ आणि एडचा प्रसंग आला की आवाज थोडा वाढवा, विंटर्सचं पुटपुटणं फार हळू आहे. आणि एका बैठकीत दोनपेक्षा जास्त भाग नकोत. एडचा सूर सतत चढा असतो, तिसऱ्या भागापर्यंत कान थकतात आणि मग नेमकं ते पुटपुटणंच ऐकायचं राहून जातं.